मोजून दिलेलं गोड पाणी

माझे भाऊजी शेषराव यांच्याशी मी पस्तीस वर्षं मनातून बोललो नाही. तसं येणंजाणं होतं, लग्नकार्यात मांडीला मांडी लावून जेवलो, दिवाळीला त्यांच्या पायाही पडलो. पण राग होता आणि तो मी नीट जपला होता. कारण एकच. हा माणूस माझ्या बहिणीला खारात घेऊन गेला.

आमचं हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याशी. विहिरींना गोड पाणी, केळीचे बगीचे, संत्र्याचे बगीचे. तिथून तेल्हारा ओलांडून खाली पूर्णेकडे उतरलं की जमीन तशीच काळीभोर, पण तिच्या पोटातलं पाणी खारट. त्याला खारपाण पट्टा म्हणतात. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं, साबणाला फेस येत नाही. गोड पाण्याकडची माणसं तिकडे सहसा पोरगी देत नाहीत. आमच्या बापानं दिली.

"पान्याचं काय घेऊन बसला बे, मानूस गोड हाय," बाप म्हणाला.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. म्हणालो, "तहान लागली त मानूस पेता येते काय?" त्याबद्दल एक थोबाडीत खाल्ली. लग्न झालं. तानुताई खारात गेली.

दुसऱ्यांच्या पोरी माहेराहून परत जाताना चिवडा, लाडू, पापड नेतात. ताई जायला निघाली की माय आधी वीस लिटरची कॅन घासायला घ्यायची. आमच्या विहिरीचं पाणी भरायचं, झाकणाखाली प्लास्टिक लावून घट्ट बसवायचं, आणि ती कॅन एसटीत ताईच्या पायाशी. कंडक्टर विचारायचा, "बाई, दूध हाय काय?" ताई म्हणायची, "दुधापक्षा महाग हाय." हसायची ती. मला हसू यायचं नाही.

मग धरणावरून पाइपलाइन आली. गोड पाणी गावात आलं, पण सगळ्या गावाला रोज पुरेल इतकं नव्हतं. आठ-दहा दिवसांनी एकेका गल्लीला चाळीस मिनिटं. ते सोडणार कोण? ग्रामपंचायतीनं शेषरावांना नेमलं, कारण गावात भांडण न करता 'नाही' म्हणू शकणारा माणूस तेवढा एकच होता. शेती सांभाळून ते नळवाले झाले. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी, मनगटावर घड्याळ. चाळीस म्हणजे चाळीस. सरपंचाच्या घरी लग्न असो की कोणाच्या घरी मयत, एकेचाळिसावं मिनिट कोणाला मिळालं नाही. लोक शिव्या द्यायचे आणि विश्वासही ठेवायचे.

एकदा धर्मेंद्र, म्हणजे ताईचा मुलगा, लहान असताना तापानं फणफणला होता. ताई म्हणाली, "पाच मिनिटं जास्त सोडा, अवो. पोराच्या कपायावर पट्ट्या ठेवाले बी गोड पानी नाही." शेषरावांनी घड्याळ पाहिलं आणि व्हॉल्व्ह बंद केला. मग सायकलला दोन कॅन बांधल्या आणि भर उन्हात पंचवीस किलोमीटर हिवरखेडला आले. आमच्या विहिरीवर कॅन भरताना मी त्यांना पाहिलं. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. मी चहा विचारला नाही. ते तसेच परत गेले. बाप संध्याकाळी म्हणाला, "पाह्यलं काय, मानूस?" मी म्हणालो, "पाच मिनिटं सोडले असते त काय बिघडलं असतं?"

असा हा माणूस. गोड पाण्याचा थेंब सांडला तर जीव गेल्यासारखा चेहरा करायचा. भांडी घासायला खारं, अंघोळीला खारं, प्यायला आणि डाळीला गोड. त्यांच्या घरात कोणी पाहुण्यानं पेल्यात अर्धं पाणी ठेवलं तर ते त्याच्यादेखत तुळशीला घालायचे. पाहुणा ओशाळायचा. मी तर मुद्दाम ठेवायचो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ताईचे पाय सुजले. अकोल्याला दाखवलं. दोन्ही किडन्या गेलेल्या. पाण्यानंच गेल्या असं कोणी लिहून देत नाही, पण खारातल्या कोणत्याही गावात जा, किडनीचा एक तरी माणूस दाखवतील. मी भाऊजींकडे असं पाहिलं की त्यांनी मान खाली घातली. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे इथं लिहून टाकतो.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकोल्याला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता शरीरातलं पाणी बाहेर पडत नाही, म्हणून दिवसाला सातशे मिली, त्याच्यावर एक घोट नाही. आयुष्यभर गोड पाण्यासाठी तरसलेली बाई, आणि आता नळ दारात असून तिला पाणी बंद. ताईच म्हणाली, "होतं तवा खारं होतं, गोड आलं त डाक्टर नाही म्हन्ते. पान्याचं अन् माहं मागल्या जन्माचं वैर हाय."

शेषरावांनी गवळ्याकडून शंभर मिलीचं दुधाचं माप आणलं. लांब दांडीचं, ॲल्युमिनियमचं. दिवसाला सात मापं. औषधाबरोबर दोन, जेवणाबरोबर दोन, चहाचं एक, आणि दोन तिला वाटेल तेव्हा. ताई रडायची, चिडायची, एकदा तर माप अंगणात भिरकावून दिलं. भाऊजी उठले, माप धुतलं, पुसलं, परत खुंटीला अडकवलं. आठवं माप दिलं नाही. गावाला चाळीस मिनिटं देणारा माणूस घरात सात मापं देऊ लागला. आठ महिने एकदाही चूक नाही. डायलिसिस करणारी सिस्टर वर्षाली बाकीच्या पेशंटच्या नातेवाइकांना सांगायची, "अंगात पाणी साचून वजन वाढू नये म्हणून काय करायचं, ते त्या काकांना विचारा."

आता त्या कागदाचं सांगतो.

पहिल्याच आठवड्यात दवाखान्यातून एक छापील यादी मिळाली, काय खायचं नाही त्याची. भाऊजी चौथी शिकलेले, अक्षर बारीक, चष्मा नव्हता. मी शाळेत कारकून. वाचायचं काम माझ्याकडे आलं. ओसरीवर बसून मी मोठ्यानं वाचत गेलो आणि ते एकेक नाव परत म्हणत पाठ करत गेले. केळी बंद. संत्री बंद. टमाटर बंद. बटाटा उकळून पाणी फेकून. पालेभाजी तशीच. केळी आणि संत्री ऐकल्यावर ताई आतून म्हणाली, "घ्या! माहेरच बंद केलं की." तिथं मला राग आला. त्या कागदाचा, त्या घराचा, भाऊजींचा. खाली अजून सात-आठ नावं होती. किवी, चॉकलेट, काजू-बदाम, नारळपाणी, असलं काहीतरी. मी म्हणालो, "बाकी हे शहरातल्या लोकाईचे चोचले हायेत. आपल्याइकडे कोन खाते?" आणि कागदाची घडी घालून फाइलीत ठेवली.

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे नारळ देवापुढे फुटतो. त्याचं पाणी तीर्थ म्हणून तळहातावर थेंबभर. खारातल्या खेड्यात नारळपाणी पिणार कोण?

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शनिवार, रविवार, सोमवार अशी जोडून सुटी. धर्मेंद्र अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्याला वर्षात सुट्या अशा मोजक्याच. त्यानं कोकणात समुद्रकाठी एका रिसॉर्टमध्ये दोन रात्रींची बुकिंग केली. तो, त्याची बायको प्रतीक्षा, पाच वर्षांची रागिणी आणि आईबाबा. कारण असं झालं की डायलिसिसच्या खोलीतल्या टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागायची, त्यात समुद्र असायचा. चार-चार तास पडून ताई तो बघायची. एकदा धर्मेंद्रला म्हणाली, "धर्मा, हे इतकं पानी खरंच अस्ते काय रे?" तेवढं पुरलं त्याला. पोरगा डॉक्टरांना विचारून आला. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारचं डायलिसिस करून जा, मंगळवारी चुकवू नका. पाणी मोजून, खाणं यादीप्रमाणे." यादी भाऊजींना पाठ होती, म्हणून त्यानं ती स्वतः कधी उघडून पाहिली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी अकोल्याच्या स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो. ताईनं नवी अबोली साडी नेसली होती. भाऊजींच्या शर्टाच्या वरच्या खिशातून त्या मापाची दांडी बाहेर आलेली. मी म्हणालो, "भाऊजी, थे त घरी ठेवाचं. तथी पेले नसतीन काय?"

"पेले असतीन," ते म्हणाले. "माप नसीन."

तिथलं सगळं मला भाऊजींनी इतक्या वेळा सांगितलंय की मी सोबत गेलो होतो असंच वाटतं.

रिसॉर्टच्या दारात प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टा बांधत होते. शेषरावांनी ताईचा डावा हात धरून मागे घेतला. त्या हाताला डायलिसिसच्या सुया लागायच्या, तो आवळायचा नाही, असं सिस्टरनं सांगितलं होतं. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "अंकल, सैल बांधते." भाऊजी म्हणाले, "सैल बी नाही." पट्टा उजव्या हाताला बांधला गेला. इतकं त्यांचं लक्ष.

खोलीत पलंगावर टॉवेलांची बदकं करून ठेवली होती. रागिणी त्यांना मोडू देईना. न्हाणीघरात उभं राहून नळ सोडला तर गरम, गार, हवं तितकं गोड पाणी. ताईनं पाव बादलीत अंघोळ उरकली, आणि उरलेलं पाणी कुठं ठेवायचं म्हणून प्रतीक्षाला विचारलं. प्रतीक्षा म्हणाली, "आई, सोडून द्या मोरीत." ताईनं सोडलं नाही. त्याच पाण्यात तिनं साडीचा काठ धुतला.

भाऊजी बाहेर हिंडायला गेले ते पाऊण तासानं परतले. हिरवळीवर फवारे चालू होते, भर दुपारी. माळ्याला म्हणे, "दुपारी कायले सोडता? अर्धं त उडून जाते. सकायी सोडा." माळ्याला वऱ्हाडी कळली नाही. वाळूतून आल्यावर पाय धुवायचे म्हणून एक नळ होता, तो ठिबकत होता. भाऊजींनी रुमालाची चिंधी करून तो आवळला. पोहण्याच्या निळ्या हौदापाशी मात्र ते नुसते उभे राहिले. मला म्हणाले, "देवीदास, गावाले बारा दिवस पुरलं असतं. लोकं त्यात पाय सोडून बसले होते."

चार वाजता सगळे समुद्रावर गेले. ताई पाण्यापाशी उभी राहिली. लाट आली, पाय भिजले, खालची वाळू सरकली तशी तिनं भाऊजींचा दंड धरला. पस्तीस वर्षांत चारचौघांत तिनं त्यांना पहिल्यांदा धरलं असेल. मग वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अवो, हे त आपल्याच हिरीचं पानी हाय!" ती म्हणाली. "याच्यासाठी इतक्या दूर आनलं काय रे धर्मा?" सगळे हसले. रागिणी वाळूत लोळून हसली.

परतताना रिसॉर्टच्या कुंपणापाशी नारळाची झाडं होती, आणि त्याखाली एक बाई टोपलीत शहाळी घेऊन बसली होती. रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठीच बसवलेली. धर्मेंद्रनं पोरीसाठी एक फोडायला सांगितलं. ताईनं वर झाडाकडे पाहिलं, खाली वाळूकडे पाहिलं.

"याच्या मुयाले हेच खारं पानी?" तिनं विचारलं.

"हो आई," धर्मेंद्र म्हणाला.

"अन् पोटात गोड?"

"हो."

ताईनं झाडाच्या खोडाला हात लावला. मग भाऊजींना म्हणाली, "मी बी खारातच उभी हावो. मले नाही जमलं हे."

ती हसतच म्हणाली, असं भाऊजी सांगतात. पण त्यांना ते लागलं. तिथंच वाळूत बसून त्यांनी आपल्या पद्धतीनं विचार केला. दिवसाची मापं सात. सकाळपासून तीन झालेली. उरली चार. ती साध्या पाण्याची द्यायची की नारळाच्या, डॉक्टरनं कुठं सांगितलंय? पाणी सातशे, हे खरं. पण ते कोणतं, हे कुठं ठरलंय? यादी त्यांना पाठ होती. केळी, संत्री, टमाटर, बटाटा. त्यात नारळ नव्हता. आणि दवाखान्यात कोणी आजारी असलं की शहरातले लोक नारळपाणीच तर घेऊन जातात. चांगलंच असणार. त्यांनी खिशातून माप काढलं, शहाळं त्यात ओतलं, आणि ताईच्या हातात दिलं. एक. मग दुसरं. दोन मापं मागं ठेवली, ती जेवणानंतर दिली. साधं पाणी त्या दिवशी परत दिलं नाही. हिशेब बरोबर ठेवला.

रविवारी सातही मापं नारळाची.

रविवारी दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो आला. ताई वाळूत खुर्चीवर, अबोली साडी, हातात ते दुधाचं माप, शेजारी फोडलेली चार शहाळी, मागे समुद्र. तिला असं हसताना मी लग्नाआधी पाहिलं होतं. मी फोटो मोठा करून बघितला. मग अंगठा पाठवला. खाली लिहिलं, 'मस्त.'

त्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "आज तहान नाही लागली. आठ महिन्यात पहिल्यांदा." भाऊजी हे वाक्य सांगताना दर वेळी थांबतात.

सोमवारी सकाळी तिचे पाय उचलेनात. सगळ्यांना वाटलं, दोन दिवस वाळूत चालली, सवय नाही. ओठांना मुंग्या येतात म्हणाली. धर्मेंद्र म्हणाला, "आपण लवकर निघू, आई. उद्या मंगळवारच आहे." प्रतीक्षा बॅगा भरत होती, रागिणीनं टॉवेलाचं बदक बरोबर न्यायचं म्हणून भोकाड पसरलं होतं. भाऊजींनी ताईला व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं, समुद्र दिसेल असं. दिवसाचं पहिलं माप आणायला आत गेले. परत आले तेव्हा तिची मान एका बाजूला झुकली होती. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि हृदय बंद पडलं म्हणाले. डायलिसिसच्या पेशंटचं होतं असं, म्हणाले.

तिला घेऊन गाडी रात्रभर चालली. मंगळवारी सकाळी, ज्या वेळी तिला अकोल्याच्या पलंगावर घ्यायचे, त्या वेळी आम्ही तिला सरणावर ठेवलं.

तेरवीला जो येईल त्याला भाऊजी एकच गोष्ट सांगत होते. "जाता-जाता गोड पानी पेऊन गेली. पोटभर. माह्या हातानं पाजलं. एक थेंब जास्त नाही अन् तहान बी नाही." बायका डोळ्याला पदर लावत. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो, आणि पहिल्यांदाच मला या माणसाचा राग येत नव्हता.

तेरवीनंतर ताईची उरलेली इंजेक्शनं दुसऱ्या कोणाच्या कामी यावीत म्हणून मी अकोल्याला नेऊन दिली. सिस्टर वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "काकूंनी तिकडे काही वेगळं खाल्लं होतं का हो?"

"नाही," मी म्हणालो. "पानी त सातशेच्या वर थेंब नाही. उलट दोन दिवस पान्याऐवजी नारळपानीच देल्लं."

तिचा हात थांबला. "किती?"

"शनिवारी चारशे. रविवारी सातशे."

तिनं इंजेक्शनं टेबलावर ठेवली. मग भिंतीवर लावलेल्या यादीकडे पाहिलं. तीच यादी, मोठ्या अक्षरात. मी जवळ गेलो. नारळपाणी. त्याच्यापुढे लाल फुली. ती हळूच म्हणाली, "त्यात पोटॅशियम असतं, काका. ज्यांची किडनी चालते त्यांना काही होत नाही. यांच्या अंगात ते साचतं. हृदय थांबतं." आणि थोड्या वेळानं, "आता कोणाला सांगून काय उपयोग?"

पस्तीस वर्षं मी वाट पाहत होतो की हा माणूस पाण्यात एक तरी चूक करील आणि मी ती त्याच्या तोंडावर फेकीन. ती चूक सापडली, आणि ती माझी निघाली. मी कोणाला काही सांगितलं नाही. भाऊजींकडे जाणं कमी केलं. ते फोन करायचे, मी कामात आहे म्हणायचो.

मग अखजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, गोड पाणी, वर खरबूज. ताईची पहिली घागर. भाऊजींनी ती घरी भरलीच, पण दोन दिवसांनी मंगळवार होता, आणि सोमवारी त्यांचा फोन आला. "देवीदास, उद्या अकोल्याले ये. दवाखान्याजोळ. तिच्या नावानं पानी द्याचं हाय. तू तिचा भाऊ, तुह्या हातानं बी झालं पाह्यजे." या वेळी मला नाही म्हणता आलं नाही.

मी पोहोचलो तेव्हा ते दवाखान्याच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली ऑटोतून एक पोतं उतरवत होते. पोतं जड होतं. तोंड सोडलं तर आत हिरवीगार शहाळी. वीस.

"बारा पेशंट अस्ते मंगयवारचे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला होता. "सगळ्याईले पुरतीन. मापानंच द्याचं. कोनाले जास्त नाही." खिशातून दांडी बाहेर आलेलीच होती. कमरेला कोयता खोचून आणला होता.

मी म्हणालो, "भाऊजी, दवाखान्यात बाहेरचं चालत नाही."

"मंग आत कायले जाचं? सुटल्यावर बाहेर येतेत थे. अथीच सावलीत बसवू. तिले बी मी बाहेरच पाजलं होतं."

फाटकातून पहिला पेशंट येत होता. एक म्हातारा, मुलाच्या खांद्यावर हात टाकून, डाव्या हाताला पट्टी. भाऊजींनी एक शहाळं उचललं आणि कोयता काढला.

मी त्यांचा हात धरला. "यायले देऊ नोका."

"काहून?"

"नारळाचं पानी यायले चालत नाही, भाऊजी. किडनीवाल्याईले बिलकुल चालत नाही. जीवावर येते."

म्हातारा समोरून निघून गेला. ऑटोत बसला. भाऊजी त्याच्याकडे पाहत होते, ऑटो वळेपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग तिले?" ते म्हणाले.

मी पोत्याकडे पाहिलं. तेच उत्तर झालं. ते पोत्याच्या कडेला खाली बसले.

"कागदावर होतं?"

"होतं."

"तू त वाचला होता कागद."

"वाचला होता. थे नाव सोडलं मी. म्हटलं, आपल्याइकडे कोन पेते. तुमची काही चूक नाही, भाऊजी. माही हाय. मारा मले."

मला खरंच वाटत होतं त्यांनी मारावं. निदान एक शिवी तरी द्यावी, पस्तीस वर्षांची सगळी एकदम. त्यांनी खिशातून माप काढलं, त्याच्या आत पाहिलं, जणू काही उरलंय का ते बघावं तसं.

"धर्माले सांगू नोको," शेवटी ते म्हणाले. "त्यानं हौसेनं नेलं होतं मायले. पोरगा जन्मभर मनाले लावून घेईन."

"नाही सांगत."

"अन् तू बी लावून घेऊ नोको. तुही त थे बहीनच होती."

मग ते उठले. पोतं ओढत निंबाच्या बुडाशी नेलं. कोयत्यानं पहिल्या शहाळ्याचं तोंड उडवलं आणि ते पाणी मातीत ओतलं. दुसरं फोडलं, ओतलं. रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. ज्या माणसानं कोणाच्या पेल्यातला उष्टा घोटही कधी सांडू दिला नाही, तो वीस नारळांचं गोड पाणी भर दुपारी जमिनीवर ओतत होता. चौथ्याला कोयता घसरून अंगठ्याला लागला, तरी थांबले नाहीत. मी पोत्यापाशी बसलो आणि एकेक नारळ त्यांच्या हातात देत गेलो.